कोऱ्या कपाळाची बाहुली

आई बाहुली शिवायला घ्यायची ती पायांपासून. आधी पाय उभे राहू देत, चेहऱ्याचे लाड मागाहून, असं तिचं ठाम मत. त्यामुळे बोईसरजवळच्या सरावलीतल्या आमच्या दोन खोल्यांमध्ये बाहुली यायच्या आधी बरेच दिवस नुसते पाय नांदायचे. शिलाई मशीनच्या खणात पाय, मसाल्याच्या फळीवर पाय, आणि एकदा बाबांनी चष्म्याच्या घरासाठी हात घातला तर हाती आला पाय. मांजरपाट चहाच्या पाण्यात बुडवून सावळा करायचा, वाळवायचा, उलट्या बाजूने शिवून काडीने सुलटा करायचा आणि आत सुताचा कचरा ठासून भरायचा. हा कचरा बाबांच्या कारखान्यातून यायचा. तिथे तो पोत्यांनी फेकून देत, पण बाबा पिशवी अशी छातीशी धरून आणायचे की पाहणाऱ्याला वाटावं, या माणसाने आज मालकाची तिजोरीच फोडली.

आम्ही मूळचे वाईकडचे. बोईसरच्या वसाहतीत बाबांना काम लागलं म्हणून आलो आणि परत जायचं जायचं म्हणत इथलेच झालो. दिवस भोंग्यावर उगवायचा आणि भोंग्यावर मावळायचा. वाऱ्याला कधी मिठाचा वास, कधी कसल्याशा औषधाचा, डोळे चुरचुरवणारा. शेजारची चाची तिच्या हिंदीत मुलांना ओरडायची आणि आई तिला अस्सल वाईच्या मराठीत उत्तर द्यायची. दोघींचं छान चाललं होतं. या सगळ्यावर आईच्या मशीनच्या पायट्याचा आवाज. तो थांबला की मी अभ्यासातून मान वर करायची, कारण थांबला म्हणजे आईला काहीतरी सुचलंय किंवा काहीतरी बिनसलंय.

आता पालघरच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर, मला सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते. तिच्याकडे बाहुल्यांचा ढीग आहे. खोक्यातून येतात, बरोबर इवलीशी पर्स, इवलाले बूट, सगळं प्लॅस्टिकमध्ये बंद. ती दोन दिवस खेळते आणि विसरते. मी काही बोलत नाही. बोलले तर आजी पुन्हा सुरू झाली म्हणतात.

आमच्या घरी मासे आले ते जयवंतामावशीमुळे. ती सातपाटीची. डोक्यावर पाटी घेऊन सरावलीत दारोदार फिरायची आणि आमच्या उंबऱ्याशी आली की पाटी उतरवून बसायचीच. "ताई, पानी दे," हा तिचा नमस्कार. आई पहिल्यांदा बोंबील हातात घेताना दोन बोटांत शेपटी धरून तोंड फिरवून उभी राहिली, तेव्हा मावशी इतकी हसली की चाची बाहेर येऊन बघून गेली. "अगो बाय, तो मेलाय, चावनार नाय!" पुढे आई बोंबलाचं कालवण तिच्याहून चांगलं करू लागली, निदान बाबा तरी तसं म्हणायचे. मावशीच्या चोळ्या आई शिवायची. गावाकडच्या बहिणींना आई सणाला पत्र टाकायची, पण मनातलं बोलायची ते मावशीशीच.

मावशीच्या थोरल्या मुलीचं, हिराचं, लग्न ठरलं. मावशीने उंबऱ्यात बसूनच मागणी घातली. "रुखवतात आमचं काय, लाडू नि करंज्या. तुज्या हातची एक बावली दे, ताई. आमच्यातली बावली. नवऱ्याकडचे बघत रवतील." आई लाजली. मग लगेच मशीनवरचा ब्लाउज बाजूला सारून मांजरपाट शोधायला लागली.

त्या बाहुलीइतका जीव आईने माझ्यातही ओतला नसेल, असं मी तेव्हा म्हणायची. हातांत तार घातली, म्हणजे एक हात कमरेवर आणि दुसरा डोक्यावरच्या पाटीला लावता येईल. डोळे काळ्या रेशमाने भरले. केसांना काळी लोकर, अंबाड्यावर वेणी. ती वेणी मी पिवळ्या दोऱ्याच्या गाठी मारून केली. बाबांनी पावडरच्या डब्याचा पत्रा कापून बोटाएवढी कोयती बनवली आणि रविवारभर ती दगडावर घासत बसले, जणू खरंच कुणी त्यावर सुरमई कापणार होतं. मासे माझ्याकडे. जुन्या झंपरच्या चंदेरी अस्तराचा पापलेट कापून दिला तर आई म्हणाली, "हा पापलेट आहे का पिंपळाचं पान?" पुन्हा कापला. पाटी मात्र मावशीने आणली, बांबूची, तळहातात मावणारी, खरीखुरी विणलेली. "आमच्या बोटीवर लखमा हाय, खलाशी, जव्हारकडचा. त्याला बांबूचं कायपन सांग. बसल्या बसल्या विनतो," ती म्हणाली.

लुगडं नेसवताना आईची फजिती झाली. तिने बाहुलीला आमच्याकडचं नऊवारी नेसवलं, घोट्यापर्यंत, पदर डोक्यावर. मावशी आली, बघितलं आणि कपाळाला हात लावला. "ही तर तुज्या गावची पाटलीन!" मग स्वयंपाकघरातच फतकल मारून तिने ते सगळं सोडलं आणि गुडघ्यापर्यंत, घट्ट, कास मागे खोचून पुन्हा नेसवलं. आई शेजारी बसून शाळकरी पोरीसारखी बघत होती. मग गळ्यात सोनेरी मणी, हातात हिरव्या मण्यांच्या बांगड्या. सगळं झालं. राहिलं होतं कपाळ.

ते राहिलं नव्हतं, ठेवलं होतं. आईच्या माहेरी रुखवतातल्या बाहुलीला घरची बाई कुंकू लावत नाही. कपाळ कोरं ठेवायचं, बरोबर कुंकवाचा एवढासा करंडा द्यायचा आणि सासरी निघताना नवरीने स्वतःच्या बोटाने ते लावायचं. तोवर बाहुली शिवणारणीची, मग नवरीची. आईच्या लग्नात आईने लावलं होतं, मावश्यांनी त्यांच्या लग्नांत. यात सांगण्यासारखं काही आहे हे आईच्या मनातही आलं नाही. बाटलीच्या झाकणाचा करंडा करून त्यात कुंकू भरलं, वर कागद बांधला आणि तो बाहुलीच्या पायाशी ठेवून बुटाच्या खोक्याचं झाकण लावलं.

दिवाळी होऊन गेली होती, पावसाचे दिवस नव्हते. तरी एका रात्री असा वारा सुटला की चाचीच्या छपराचा पत्रा उडून आमच्या दाराशी पडला. वसाहतीत दोन दिवस त्याच्याच गप्पा. आम्ही डोंगराकडची माणसं. वारा म्हटलं की आम्हाला छपरं आठवतात. समुद्राचं मनात आलं नाही. मावशी फिरकली नाही तेव्हा आई म्हणाली, "लग्नघर आहे. तिला आता पाटी घेऊन फिरायला कुठली सवड?" हळद जवळ आली होती. बाहुली वेळेत पोचायला हवी म्हणून आईने ठेवणीतली साडी नेसली, मला शाळेतून सुट्टी काढायला लावली आणि आम्ही निघालो.

पालघरला सातपाटीची गाडी धरली तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्या गाडीत एरवी कान किटायचे. कोळणींची भांडणं, थट्टा, पाट्या एकमेकींवर आदळणं, कंडक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार. त्या दिवशी बायका होत्या, पण कुणी बोलत नव्हतं. एकीने आईच्या मांडीवरचं खोकं बघून विचारलं, "कुनाकडं?" आईने सांगितलं, जयवंताकडे, लग्नाचं आहे. ती बाई आईकडे बघत राहिली, मग खिडकीबाहेर बघायला लागली.

उतरलो तर बंदरावर गर्दी उभी. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. ऊन चढलं होतं, ओहोटीची वेळ होती, खाडीतलं पाणी उतरून होड्या चिखलात कलल्या होत्या. एका म्हाताऱ्याने आईला सांगितलं. वाऱ्यात सापडलेल्या बोटी एकेक करून आल्या. एक आली नाही. कुणाची, ते त्याला सांगावं लागलं नाही. आईने खोकं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. मला वाटलं आता आपण परत फिरणार. पण ओळखीच्या घरावर असं संकट असताना दारावरून मागे फिरणं आईच्या रक्तात नव्हतं. "चल," ती म्हणाली, "पाणी तरी देऊन येऊ तिला."

घरासमोरच्या अंगणात बोंबलांचे दोर ताणलेले होते आणि एक बाई ओले बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने दोरावर टाकत होती. बारीक, काळी, कपाळावर हिरवं गोंदण. तिने हाताने आत जा अशी खूण केली आणि लगेच एका कावळ्याला हाकललं. आत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडवासाठी आणलेल्या रंगीत कागदांची भेंडोळी कोपऱ्यात तशीच पडलेली. चूल थंड. हिरा, म्हणजे नवरी, खांबाला टेकून बसली होती. मधोमध पाटावर तिची आत्या, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, बोट चालवणाऱ्या तांडेलाची, थोरली बहीण. जयवंतामावशी बंदरावर होती. नवरा बोट घेऊन गेलेला, सोबत पुतण्या आणि खलाशी. सगळ्यांची नावं कुणी घेत नव्हतं. सगळे नुसतं "तांडेल, तांडेल" म्हणत होते.

आम्हाला बसायला जागा दिली. आईने खोकं मांडीवर घेतलं आणि तेवढ्यात मी आईकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी झाकण घट्ट दाबून धरलं होतं. मला कळेना काय झालं. मग आत्याकडे लक्ष गेलं. आत्याचं कपाळ कोरं होतं. तिचा नवरा कित्येक वर्षांपूर्वी असाच समुद्रावर गेला होता, ते मावशीने आम्हाला कधीतरी सांगितलं होतं. आणि आमच्या खोक्यात लुगडं नेसलेली, पाटी घेतलेली, बांगड्या भरलेली एक कोळीण होती, कोऱ्या कपाळाची. त्या घरात, त्या दिवशी.  इतकी भीती मला नंतर ऑपरेशनच्या टेबलावरही वाटली नाही.

हिरानेच विषय काढला, बिचारीने. इतका वेळ नुसतं बसून तिला काहीतरी हवं होतं बघायला. "मावशी, बावली आनलीस ना? दाखव."

"दाखवीन की," आई म्हणाली. "आत्ता कुठं गं. जरा शिवण उसवली आहे वाटेत. नीट करते आधी."

"तशीच दाखव."

"नको बाई, अशी अर्धवट बरी नाही दिसत." आईला खोटं बोलता यायचं नाही. आवाज लगेच वर चढायचा. तिने कोपऱ्यातली आतली खोली विचारली आणि मला घेऊन आत गेली. तिथे जाळ्यांचे ढीग, डांबराचा वास आणि एकच लहानशी खिडकी. "दारात उभी राहा," ती पुटपुटली, "कुणी आलं तर खोक." खाली बसून तिने झाकण काढलं, करंड्यावरचा कागद सोडला, बोट कुंकवात बुडवलं. आणि थांबली. मी दारातून बघत होते आणि मनात म्हणत होते, लाव, लाव ना. पण आईचं बोट बाहुलीच्या कपाळाशी जाईना. तिच्या माहेरच्या रीतीने ते नवरीचं काम होतं. दुसऱ्या कुणी लावलं तर नवरीच्या सौभाग्यात हात घातल्यासारखं. इकडे न लावावं तर तांडेल, तिकडे लावावं तर हिरा. मी आईला कधी अशी अडकलेली पाहिली नव्हती.

मी खोकले, पण उशिरा. आत्या कधी उठली ते कळलंच नाही. तिने मला बाजूला सारलं आणि आत बघितलं. आई खाली बसलेली, बोट लाल, मांडीवर बाहुली.  मग आत्या ओरडली ती अजून माझ्या कानात आहे.

"पांढऱ्या कपालाची घेऊन आली! माज्या भावाच्या घरात, आज, पांढऱ्या कपालाची बावली घेऊन आली ही!"

बायका धावल्या. खोली एवढीशी, दारात सगळ्या. कुणी म्हणालं खाडीत टाका, कुणी म्हणालं चुलीत घाला, कुणी नुसतंच रडायला लागलं. आई उभी राहून सांगत होती, आमच्याकडे अशी रीत, नवरी लावते, करंडा हा बघा, पण तिचं कोण ऐकतंय. हिरा मागे उभी होती. ती बाहुलीकडे बघत होती आणि एकेक पाऊल मागे सरकत होती. मला आईचा हात धरून पळावंसं वाटलं. आई हलली नाही. तिने बाहुली पदराखाली घेतली, लेकरू घ्यावं तशी, आणि रडायला लागली. "मी काय वाईट चिंतीन का गं? मी काय वाईट चिंतीन?" एवढंच पुन्हा पुन्हा.

कुणीतरी मावशीला बोलावून आणलं. ती आली तेव्हा बायकांनी वाट दिली. केस वाऱ्याने पिंजारलेले, डोळे कोरडे. तिने हात पुढे केला. आईने बाहुली दिली. मावशीने लुगड्याची कास बघितली, आपणच खोचलेली, वेणी बघितली, मग कपाळ. आईने पुन्हा रीत सांगितली, या वेळी हळू. मावशीने ऐकून घेतलं.

"मंग लावून घे आता हिराकडनं," एक बाई म्हणाली.

"नाय," मावशी म्हणाली. "आता कोनीच लावायचं नाय. आता लावलं तर घाबरून लावल्यासारकं व्हईल." तिने बाहुली बाहेरच्या खोलीत नेली आणि देवाच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी उभी केली. मग आईकडे वळली. "ताई, तू आता जाऊ नको. तू आता गेलीस तर गाव म्हनेल, आली नि अपशकून ठेवून गेली. मी काय म्हनते त्याला कोन इचारतो? बोट येईतोवर बस. काय व्हायचं ते तुज्या डोल्यांसमोर व्हवं दे."

म्हणजे आम्ही अडकलो. बोट आली तर आम्ही पाहुण्या, नाही आली तर कोण, ते कुणी बोललं नाही. मावशी पुन्हा बंदरावर गेली. फळीवर बाहुली उभी, एक हात पाटीला, एक कमरेवर, अगदी ताठ. पायांपासून शिवल्याचा गुण. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं आणि कुणाला दुसरीकडे बघता येत नव्हतं. आत्या तिच्या बरोबर समोर बसली, राखण केल्यासारखी. मी मनातल्या मनात वाईच्या गणपतीला नवस बोलत होते. नवसात तांडेलाचं नाव होतं, पण खरं सांगायचं तर मी मागत होते ते आईसाठी. तिला या माणसांनी आयुष्यभर अपशकुनी म्हणू नये, एवढंच.

दुपार झाली तेव्हा मला कोंडल्यासारखं झालं आणि मी अंगणात आले. ती गोंदणवाली बाई अजून बोंबील टाकतच होती. नाव सोनी. तिने मला न विचारता तांदळाची गार भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील दिला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी उभ्यानेच खाल्लं. तशी चव मला परत कधी मिळाली नाही आणि तशी भूकही.

"तुला खायाला काय पन इचारलं का त्यांनी?" सोनीने आतल्या बायकांकडे मान उडवली.

"नाही. तुम्ही इथंच कामाला?"

"पाऊस गेला का येतो आमी. भात कापून. लखमा बोटीवं, मी हितं." मग दोर झटकून तिने एक कुत्रं हाकललं. "पोर हाय गावाला, सासूकडं."

लखमा म्हणजे पाटी विणणारा, त्याच न आलेल्या बोटीवरचा खलाशी, हे माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. मी विचारलं, "तुम्ही बंदरावर नाही जात?"

"दोर कोन राखल? आत्यांनी सांगलं, तू दोरांकडं बघ." तिने हे कुरकुर म्हणून सांगितलं नाही. पुढचे दोन बोंबील उचलले, जबड्यात जबडा घातला, दोरावर टाकले. तेवढ्यात आतून कुणाचं तरी हुंदक्यासारखं ऐकू आलं आणि मी आईकडे धावले. हिरा रडत होती आणि माझी आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. हिराने हात झटकला नाही, एवढं मी पाहिलं.

ऊन कललं आणि बंदराकडून आरोळी आली. दिसली! सगळं घर रिकामं झालं. आत्यासुद्धा धावली, म्हातारी, लुगडं सावरत. पण दिसली म्हणजे आली नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. डहाणूकडच्या कुणाच्या तरी बोटीने तिला दोर लावून ओढत आणली होती. खाडीत अजून पुरेसं पाणी नव्हतं. भरती चढेपर्यंत बोटीला तोंडाशीच थांबावं लागणार होतं. सगळा गाव काठावर आणि बोट तिथे बाहेर, माणसं मुंगीएवढी, कोण उभं आहे कोण नाही काही कळेना. आजकाल पोरं बोटीवरून फोन करतात, जाळं ओढताना फोटो पाठवतात. तेव्हा नुसतं पाणी चढायची वाट बघायची. आई गेली नाही. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. आम्ही दोघी दारात उभ्या होतो आणि सोनी दोराजवळ. वाऱ्यावर आवाज येत होते. कुणी म्हणे तांडेल दिसतो, कुणी म्हणे तो पुतण्या. सोनी हातातले बोंबील धरून उभी होती. टाकायचे राहिले होते.

मग पाणी थोडं चढलं, बोट आत सरकली आणि एकदम कल्ला उठला. "तांडेल हाय! तांडेल हाय!" पोरं ओरडत गल्लीतून धावली. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं.

आत्या पहिली पोचली. धापा टाकत आत शिरली आणि थेट फळीशी गेली. करंडा उघडला, त्यात अंगठा बुडवला आणि बाहुलीच्या कपाळावर टेकवला. कोऱ्या कपाळाच्या बाईने कुंकवाला हात लावायचा नसतो, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. नवरीनेच लावायचं, हे आम्हाला माहीत होतं.  मग तोच अंगठा तिने आईच्या कपाळाला लावला, होतं त्या कुंकवावर आणखी, आणि आईच्या गळ्यात पडली. "बाय माजी, मी काय काय बोलले तुला. मी काय काय बोलले." दोघी हसत होत्या, रडत होत्या. मीही रडायला लागले. हलकं हलकं वाटत होतं. ती बाहुली अजून हिराच्या घरी काचेच्या कपाटात आहे. कुंकू जरासं वाकडं, डाव्या भुवईवर उतरलेलं.

तेवढ्यात अंगणातला गोंगाट थांबला.

तांडेल आला होता. गुडघ्यापर्यंत चिखल, ओठ फुटलेले, बरोबर मावशी. पण तो घराकडे येत नव्हता. मावशी त्याला ओवाळते, दारात थांब, म्हणत होती, हिरा "बाबा" म्हणून धावली, त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला बाजूला केलं. तो दोरांकडे चालत गेला. सोनीसमोर उभा राहिला.

"सोनी," तो म्हणाला.  "लाट आली. जालं ओढत होतो. लखमा दोरासंगं गेला. आमी फिरलो, सकाल व्हईतोवर फिरलो त्या पान्यात. नाय गावला."

कुणी रडलं नाही. सगळ्या जणी तिथेच होत्या, दिवसभर ज्या रडत होत्या त्याच. आत्या पुढे झाली. अशा वेळी काय करायचं ते तिला माहीत होतं, तिच्यावर ते कुणीतरी केलं होतं. तिचा हात सोनीच्या कपाळाकडे गेला आणि तिथेच थांबला. तिथे कुंकू नव्हतंच. हिरवं गोंदण होतं, लहानपणी टोचलेलं, पुसता न येणारं.  अंगठा लाल, हात तसाच वर. माझी आई उंबऱ्यातून उतरली आणि सोनीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

सोनीच्या हातात अजून ते दोन बोंबील होते. तिने ते नीट दोरावर टाकले. मग तांडेलाकडे बघितलं.

"जेवला व्हता का?"

 तांडेल तिथेच मातीत बसला.

"नाय गो," तो म्हणाला. "भात चुलीवर होता. तुमी खाऊन घ्या, म्हनला. मी मागनं खातो."